सायकल पळायला शिकली, थांबायला तिला वेळ लागला

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत बेळगावच्या इतिहासावर एखादा तरी लेख दरवर्षी असतोच. किल्ला, कपिलेश्वर, नाट्यपरंपरा, सीमालढा या विषयांवर माझ्यापेक्षा जाणकार मंडळींनी लिहिले आहे. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला, राज्य सरकारच्या नोकरीत यंत्रांच्या देखभालीचे काम पाहणारा माणूस. तेव्हा इतिहास लिहायचा तर यंत्राचाच लिहावा असे ठरवले. यंत्रही अगदी साधे निवडले आहे, सायकल. आणि तिचाही एकच भाग, ब्रेक. या निवडीमागे घरात घडलेला एक प्रसंग आहे. तो आधी सांगतो.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ओळखीच्या एका कुटुंबाकडून मुलीसाठी जुनी सायकल घेतली. परदेशी बनावटीची, जाड टायरची, वजनाला हलकी. एकच खोड होती. पुढचा ब्रेक दाबला की ती अशी किंकाळी फोडायची की गल्लीतली झोपलेली कुत्री उठून बसायची. मुलगी दहावीत. क्लासच्या दारात सायकल थांबली की मैत्रिणी कानांवर हात ठेवायच्या. "बाबा, याचं काहीतरी करा ना," असे तिने तीन-चार वेळा सांगितले, तेव्हा एका रविवारी मी वंगणाच्या स्प्रेचा डबा घेऊन बसलो. ब्रेकचे दोन हात ज्या खुंट्यांवर फिरतात त्या खुंट्यांवर स्प्रे मारला, खाली आलेले ओघळ फडक्याने पुसले आणि चाक फिरवून ब्रेक दाबला. आवाज बंद! मुलगी खूष, मीही खूष.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लासहून परतताना ती कपिलेश्वर पुलावरून शहापूरच्या बाजूला उतरत होती. भुरभुर पाऊस होता. तिने ब्रेक दाबला आणि तो लागलाच नाही. मागच्या ब्रेकची तार आधीपासूनच सैल होती, तीही मी बघितली नव्हती. समोर हातगाडी होती. तिला चुकवायला पोरीने सायकल कडेला घातली आणि पडली. डाव्या मनगटाचे हाड मोडले. पाच आठवडे प्लॅस्टर. मागून एखादी बस येत नव्हती, हे आमचे नशीब.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, पंचाहत्तरी ओलांडलेले आहेत. सायकल घरी आणल्यावर त्यांनी पुढच्या रिमवरून बोट फिरवले, ते नाकाशी नेले आणि म्हणाले, "अरे, ब्रेकला तेल लावतं का कुणी? तेल चेनला लावतात." अप्पांचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचे. डिप्लोमाचे प्रमाणपत्र माझ्या कपाटात. मी काहीच बोललो नाही.

प्लॅस्टरच्या त्या पाच आठवड्यांत मी ब्रेकविषयी मिळेल ते वाचून काढले. वाचता वाचता लक्षात आले की माझ्या हातून झालेली चूक लहान असली तरी तिच्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. माणसाला सायकल पळवणे लवकर जमले. ती थांबवणे जमायला मात्र फार वर्षे लागली.

पायांनी थांबवायची सायकल

सायकलची पूर्वज म्हणता येईल अशी पहिली गाडी जर्मनीतल्या कार्ल फॉन ड्राईस या गृहस्थाने बनवली. १२ जून १८१७ रोजी मानहाईम गावातून तो या लाकडी दुचाकीवर बसून बाहेर पडला. गाडीला पायडल नव्हते. सीटवर बसायचे आणि दोन्ही पायांनी जमिनीला रेटा देत पळायचे. पाय जमिनीलाच टेकत असल्यामुळे थांबण्याचे मुख्य साधनही पायच. चपला झिजवून गाडी थांबवायची, एवढाच मामला.

खरा प्रश्न उभा राहिला तो १८६० नंतरच्या दशकात. पॅरिसमध्ये पिएर मिशो यांच्या कारखान्यातल्या गाड्यांना पुढच्या चाकावर पायडल आले आणि माणसाचे पाय जमिनीवरून उचलले गेले. आता थांबायचे कशाने? मिशोच्या गाडीत हँडल हाताने पिळायचे. त्याला बांधलेली दोरी ताणली जायची आणि मागच्या चाकावर एक धातूचा चमचा दाबला जायचा. चमचा म्हणजे खरोखरच चमच्यासारखा वाकवलेला पत्रा. पुढची तीस-एक वर्षे या चमच्यानेच सायकली थांबवल्या.

त्यानंतर आली उंच चाकाची सायकल. जुन्या चित्रांत आपण ती पाहतो, पुढचे चाक माणसाच्या छातीइतके आणि मागचे अगदी टीचभर. १८७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली यांनी तिला रूप दिले. पायडल थेट चाकालाच जोडलेले असल्याने चाक जितके मोठे तितका वेग जास्त, हे गणित. पण चमच्याचा ब्रेक त्या मोठ्या चाकाच्या भरीव रबरी टायरवर दाबायचा, आणि स्वार बसलेला जवळजवळ त्या चाकाच्याच डोक्यावर. ब्रेक जोरात लागला की चाक जागीच थांबे आणि माणूस हँडलवरून पुढे डोक्यावर आपटे. म्हणून अनुभवी स्वार उतारावर दोन्ही पाय हँडलच्या वरून पुढे टाकून बसत. उद्देश एवढाच की फेकले गेलोच तर निदान पायांवर पडू!

अशा सायकलवरून थॉमस स्टीव्हन्स या माणसाने १८८४ ते १८८६ या काळात जगाला फेरी मारली. १८८६ मध्ये तो लाहोरहून कलकत्त्यापर्यंत ग्रँड ट्रंक रोडने गेला. आपल्या देशातल्या लोकांनी ही उंच गाडी पाहिली तेव्हा त्यांना काय वाटले असेल, कल्पना करा.

१८८८ : बेलफास्ट आणि बेळगाव

१८८५ साली जॉन केंप स्टार्ली, म्हणजे वर उल्लेख आलेल्या जेम्स स्टार्लींचे पुतणे, यांनी 'रोव्हर' नावाची सायकल बाजारात आणली. दोन्ही चाके जवळपास सारखी, पायडल मध्ये आणि चेनने मागचे चाक फिरवायचे. तिला 'सेफ्टी' सायकल म्हणत. आज आपण चालवतो ती सायकल मुळात हीच. माणूस दोन चाकांच्या मधोमध आणि खाली बसल्यामुळे ब्रेक लावल्यावर डोक्यावर आपटण्याची भीती पुष्कळ कमी झाली.

तीनच वर्षांनी बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. साल १८८८. त्यांच्या मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार आदळायची, म्हणून त्यांनी चाकांना हवा भरलेली रबरी नळी बसवून पाहिली. बापाने मुलासाठी केलेली ही खटपट. ती वाचताना मला माझा स्प्रेचा डबा आठवला. त्यांची खटपट यशस्वी झाली, माझी नाही.

हवेचे टायर आले आणि जुना चमचा निकामी झाला. भरीव रबरावर पत्रा घासला तर फारसे बिघडत नसे. पण हवेच्या टायरवर तो घासला की टायर झिजे, खडा अडकला तर फाटे. शिवाय पावसात आणि चिखलात तो चमचा नुसताच घसरे. टायरला हात न लावता चाक कसे थांबवायचे, हा नवा प्रश्न उभा राहिला.

याच काळात सायकल आपल्या गावातही आली, आणि त्या गोष्टीचा आपल्याला अभिमान असायला हवा. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. मुंबईत त्यांना सायकलने वेड लावले. बंधू रामूअण्णा यांच्याबरोबर त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या, रामूअण्णांनी इथे विकायच्या आणि घेणाऱ्यांना चालवायलाही शिकवायच्या. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात १८८८ सालापासून मोजतो. म्हणजे बेलफास्टमध्ये हवेच्या टायरचे पेटंट झाले तेच साल! पुढे हेच बंधू कडबा कापायच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले, आणि १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. ती कथा सर्वांना माहीत आहे. पण तिचे पहिले पान सायकलच्या दुकानात लिहिले गेले, हे किर्लोस्कर रोडवरून जाताना आपल्यापैकी किती जणांच्या ध्यानात असते?

दांडीचा ब्रेक आणि तारेचा ब्रेक

टायर सोडून ब्रेक कुठे लावायचा, याची दोन-तीन उत्तरे निघाली. एक उत्तर चाकाच्या मध्यभागी, हबमध्ये. पायडल उलटे फिरवले की हबच्या आत घर्षण होऊन चाक थांबे. जर्मनीत फिख्टेल आणि साक्स या कारखान्याचा 'टॉर्पेडो' हब १९०३ साली आला आणि खूप गाजला.

दुसरे उत्तर रिमवर. टायरऐवजी ज्या धातूच्या कडीत टायर बसतो तिच्यावरच रबर दाबायचे. हे दोन प्रकारे करता येते. पहिला प्रकार आपल्या सर्वांच्या घरात कधी ना कधी होऊन गेला आहे, तो म्हणजे दांडीचा ब्रेक. हँडलखाली लोखंडी दांडी, तिला सांधे, आणि शेवटी चाकाभोवती बसलेला घोड्याच्या रिकिबीसारखा आकडा. ब्रेक दाबला की आकडा वर ओढला जातो आणि त्यावरची दोन रबरे रिमला आतल्या, म्हणजे आऱ्यांच्या बाजूने, घासतात. इंग्लंडहून येणाऱ्या रॅले, हर्क्युलिस, हंबर अशा सायकलींना हाच ब्रेक असे. स्वातंत्र्यानंतर कारखाने इथेच निघाले. १९४९ मध्ये मद्रासला टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हिरो. त्यांच्या काळ्या सायकलींनी दांडीचा ब्रेक गावोगाव पोचवला.

अप्पांची सायकल अशीच होती. काळी, चोवीस इंची, मागे कॅरिअर, पुढे डायनामोचा दिवा. दिवा नसला की पोलिस चाकातली हवा सोडायचे, म्हणून दिव्याची काळजी ब्रेकपेक्षा जास्त! त्या ब्रेकची खडखड फार. पण दांड्या जाड, रबरे मोठी, दुरुस्ती पान्याने आणि पक्कडीने घरीच व्हायची. एक दोष मात्र होता. लोखंडी रिमवर क्रोमचा मुलामा असायचा. ती पावसात भिजली की रबर नुसते सरकत राहायचे. आपल्याकडच्या पावसात अप्पा उतार लागला की खाली उतरून सायकल हातात धरून चालायचे. आम्हा मुलांना त्याची लाज वाटे. आज कळते की त्यांना आपल्या ब्रेकची मर्यादा पक्की माहीत होती.

दुसरा प्रकार तारेचा. १८९६ साली अर्नेस्ट बोडेन यांनी एका तारेचे पेटंट घेतले. पोलादी तार, तिच्यावर गुंडाळलेल्या तारेची लवचीक नळी. आतली तार ओढली तरी बाहेरची नळी आखडत नाही. त्यामुळे हाताचा जोर वळणावळणाने हवा तिथे नेता येतो. आज स्कूटरच्या क्लचपासून सायकलच्या ब्रेकपर्यंत जी केबल दिसते ती हीच. दांडीला सरळ रेषाच हवी, तारेला तसे बंधन नाही. त्यामुळे ब्रेक रिमच्या आतून काढून दोन्ही बाजूंवर नेता आला, चिमट्यासारखा.

सज्जाच्या नावाचा ब्रेक

आमच्या सायकलवर होता तो कॅन्टिलिव्हर ब्रेक. बांधकामवाल्यांना हा शब्द पाठ आहे. एका टोकाला भिंतीत धरलेला आणि दुसरे टोक मोकळे असलेला सज्जा म्हणजे कॅन्टिलिव्हर. या ब्रेकचे दोन हात असेच आहेत. पुढच्या चाकाला जो चिमटा धरतो, त्याच्या दोन्ही पायांवर एकेक खुंटी झाळून बसवलेली असते. प्रत्येक खुंटीवर एक हात फिरतो आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलेल्या माणसाच्या कोपरासारखा बाहेर येतो. दोन्ही कोपरांना जोडणारी आडवी तार चाकाच्या वरून जाते. तिच्या मध्याला मुख्य तार वर ओढते, तसे दोन्ही हात आत फिरतात आणि रबरे रिमला चिकटतात.

याचा मोठा फायदा म्हणजे टायर आणि ब्रेक यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा. जाड टायर बसतो, चिखल साचला तरी चाक अडत नाही. म्हणून युरोपात लांबच्या प्रवासाच्या, दोघांनी चालवायच्या आणि हिवाळ्यात शेतांतून चिखल तुडवत होणाऱ्या शर्यतींच्या सायकलींना हा ब्रेक असे. फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ शहरातल्या माफाक कंपनीचे असे ब्रेक प्रसिद्ध होते.

त्याला जगभर नेले ते अमेरिकेतल्या काही हौशी तरुणांनी. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीमध्ये ही पोरे जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन मातीच्या वाटेने खाली सोडत. १९७६ मध्ये त्यांनी एका वाटेवर शर्यती सुरू केल्या. साडेतीन किलोमीटरच्या आत सुमारे ४०० मीटरचा उतार! आपल्या येळ्ळूरच्या राजहंसगडाचा रस्ता ज्यांनी सायकलने उतरला आहे त्यांना हा आकडा समजेल. त्यांच्या सायकलींना पायडल उलटे फिरवून लागणारे हबचे ब्रेक होते. एका उतारात हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर होई. प्रत्येक फेरीनंतर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच 'रिपॅक' पडले, म्हणजे पुन्हा भरा.

या मंडळींपैकी जो ब्रीझ याने १९७७ मध्ये डोंगरासाठी म्हणून खास सायकल बांधली आणि तिला कॅन्टिलिव्हर ब्रेक बसवले. १९८१ मध्ये 'स्टंपजंपर' ही सायकल कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागली, तिलाही तेच ब्रेक होते. पुढची पंधरा वर्षे डोंगरी सायकल म्हणजे कॅन्टिलिव्हर ब्रेक असे समीकरण झाले. आणि त्या ब्रेकबरोबर त्याची किंकाळीही जगभर पोचली.

किंकाळी येते कुठून?

सारंगीचा गज आठवा. गजाचे केस तारेला थोडे चिकटतात, तिला ओढून नेतात, मग ती सुटून मागे येते, पुन्हा चिकटते. सेकंदाला शेकडो वेळा हे होते, आणि त्या थरथरीचा सूर आपल्याला ऐकू येतो. गजाला राळ लावतात ती ही पकड वाढवण्यासाठी. राळ नसेल तर गज नुसता सरकतो, सूर निघत नाही.

ब्रेकमध्ये नेमके हेच होते. रबर रिमला पकडते. फिरती रिम त्याला पुढे ओढते. त्याबरोबर ब्रेकचा हात किंचित पिळला जातो, चिमटाही किंचित वाकतो. ताण वाढला की रबर सुटते आणि मागे येते, की पुन्हा पकडते. रबर म्हणजे गज आणि रिम म्हणजे तार. शिवाय रिम गोल, पातळ धातूची, म्हणजे देवळातल्या घंटेची बहीण. ती आवाज मोठा करते.

कॅन्टिलिव्हरमध्ये हे जास्त का, याचेही कारण आहे. त्याचे हात लांब आणि एकाच खुंटीवर तोललेले. खुंटीत थोडी झीज झाली तरी हात हलायला मोकळा. पुढच्या ब्रेकची आणखी एक गंमत आहे. त्याची तार अनेकदा हँडलच्या खाली, चिमट्याच्या वरच्या टोकाशी अडवलेली असते. ब्रेक लागला की चिमटा मागे वाकतो, तेवढीच ती तार आणखी ताणली जाते, म्हणजे आपण न दाबता ब्रेक आणखी लागतो. मग चाक सुटते, चिमटा पुढे येतो, तार सैल पडते. पुन्हा तेच. किंकाळीबरोबर हँडल थडथडते ते यामुळे.

आता माझी चूक समजेल. बैलगाडीचा आस कुरकुरला की आपण वंगण घालतो, ते बरोबर आहे. तिथे घर्षण नकोच असते. दाराची बिजागरी, पंख्याचे बेअरिंग, सायकलची चेन, सगळीकडे तोच नियम. आमच्या कार्यालयातही यंत्राने आवाज केला की पहिला हात वंगणाच्या डब्याकडे जातो. पंचवीस वर्षांची ती सवय. पण ब्रेक हा यंत्राचा असा भाग आहे की घर्षण हेच त्याचे काम. तिथे वंगण पोचले म्हणजे राळ पुसून गजाला तेल लावल्यासारखे. सूर थांबणारच, कारण पकडच गेली. मी खुंट्यांवर मारलेला स्प्रे ओघळून रबरांवर आणि रिमवर गेला होता. वरवर पुसल्याने तो निघत नाही. रबर ते शोषून घेते. रविवारी मला जी शांतता ऐकू आली ती ब्रेक निकामी झाल्याची खूण होती, आणि मी तिला दुरुस्ती समजलो.

मग करायचे काय?

ज्यांच्या घरात अशी सायकल आहे त्यांच्यासाठी क्रम लिहून ठेवतो. आम्ही दोघांनी, म्हणजे मी आणि प्लॅस्टर निघालेल्या मुलीने, याच क्रमाने केले.

आधी रिम साबणाच्या पाण्याने धुवावी, वाळल्यावर स्वच्छ फडक्याला स्पिरिट लावून दोन्ही बाजू पुसाव्यात. फडके काळे निघायचे थांबेपर्यंत. मग रबरे काढून बघावीत. त्यांचा तोंडाचा भाग काचेसारखा गुळगुळीत झाला असेल, किंवा त्यात धातूचे बारीक कण रुतले असतील, तर कण टोकदार वस्तूने काढून तो भाग पॉलिश पेपरवर घासावा. तेल प्यायलेले रबर मात्र घासत बसू नये. नवीनच घ्यावे. चार रबरांना फार पैसे पडत नाहीत. पाच आठवड्यांच्या प्लॅस्टरपेक्षा तर नक्कीच नाहीत.

त्यानंतर ब्रेकचा हात बोटांत धरून हलवून पाहावा. खुंटीवर डगडगत असेल तर तिथला बोल्ट आवळावा. हँडलची बेअरिंगे सैल आहेत का तेही पाहावे. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे ढकलली की सैलपणा हाताला कळतो.

शेवटी रबराचा कोन. हे सगळ्यात महत्त्वाचे. रबर रिमला सपाट न लावता त्याचे पुढचे टोक, म्हणजे सायकलच्या पुढच्या दिशेचे टोक, आधी टेकले पाहिजे आणि मागच्या टोकाशी सुमारे एक मिलिमीटर फट राहिली पाहिजे. ब्रेक जोरात लागल्यावर हात पिळला जातो आणि ती फट भरून रबर पूर्ण बसते. सोपी युक्ती अशी की रबराच्या मागच्या टोकाखाली जाड पुठ्ठ्याची पट्टी किंवा दुमडलेले व्हिजिटिंग कार्ड ठेवावे, ब्रेक दाबून धरावा, बोल्ट आवळावा आणि मग कार्ड काढून घ्यावे. रबर टायरला घासत नाही ना आणि रिमच्या खाली उतरत नाही ना, हे पाहावे. तार सैल असेल तर ताणावी आणि तिचे धागे तुटत आले असतील तर बदलावी. दोन्ही ब्रेक तपासल्याशिवाय सायकल उतारावर नेऊ नये.

हे सगळे केल्यावरही हँडल थडथडत असेल, तर तार अडवणारा तुकडा वरून काढून चिमट्यावरच बसवायचा असतो. तो मिळतो, पण मागवावा लागतो. आम्हाला त्याची गरज पडली नाही.

पुढचे पान

१९९६ साली शिमानो या जपानी कंपनीने कॅन्टिलिव्हरचेच नवे रूप आणले. हात उभे आणि लांब, आणि तार वरून न येता आडवी. त्याला 'व्ही-ब्रेक' म्हणतात. आज दुकानात मुलांच्या बहुतेक सायकलींवर हाच किंवा याची नक्कल दिसते. त्यानंतर मोटारसायकलसारखा डिस्क ब्रेक आला. चिखलातल्या शर्यतींत त्याला २०१० मध्ये परवानगी मिळाली आणि कॅन्टिलिव्हरचे शेवटचे मोठे घरही हळूहळू सुटले. पण किंकाळीने पाठ सोडलेली नाही. डिस्कच्या पॅडला तेलाचा हात लागला तर तोही ओरडतो आणि त्याचीही पकड जाते. चमच्यापासून डिस्कपर्यंत ब्रेकची जागा बदलत गेली. टायरवरून हबमध्ये, तिथून रिमवर, रिमवरून चकतीवर. काम मात्र तेच राहिले, एक वस्तू दुसरीला घट्ट धरणे.

सायकल नीट झाली त्या दिवशी अप्पांनी अंगणात तिच्यावर बसून बघायचा हट्ट धरला. आम्ही दोघांनी दोन्ही बाजूंनी धरले. चार पावले गेल्यावर त्यांनी ब्रेक दाबला. सायकल जागच्या जागी थांबली. ते म्हणाले, "हं, आता लागतोय." त्यांच्याकडून एवढे कौतुक पुष्कळ झाले.

मुलगी आता दर पंधरा दिवसांनी रबरे स्वतः पाहते. पावसात रिम ओली असली की पुढच्या ब्रेकला पहिल्या दोन फेऱ्यांत अजून थोडा आवाज येतो, रिम कोरडी झाली की जातो. परवा तिने विचारले, "बाबा, हा पण घालवायचा का?" मी म्हटले, "राहू दे."

तुमच्या घरातली सायकल ओरडत असेल तर रविवारी सकाळी खुशाल घेऊन या. येताना एक जुने व्हिजिटिंग कार्ड आणा. स्प्रेचा डबा तेवढा घरी ठेवा.